जुन्या जीपचे मेकॅनिकल मीटर नव्या सीआरडीआय इंजिनाला कसे जोडायचे

जुनी विलीज किंवा महिंद्राची सीजे जीप, मूळ पेट्रोल इंजिन कधीच गेलेलं, त्याजागी कॉमन रेल टर्बो डिझेल, म्हणजेच सीआरडीआय, बसवलेलं, आणि डॅशबोर्डवर मात्र ते दोन-दोन इंची काळे गोल मीटर तसेच हवेत, ही इच्छा आपल्याकडे बऱ्याच जणांची असते. गॅरेजवाला सरळ सांगतो की साहेब ते काढा, डिजिटल लावू, दोन तासांचं काम आहे. पण जुने मीटर चालवता येतात आणि नीट चालतात, फक्त एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवायची: नव्या इंजिनाचा एकही सेन्सर काढून त्याच्या भोकात जुना मीटर लावायचा नाही. ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, ईसीयूला राहू द्यायचं, काट्यासाठी वेगळी जागा करायची. निम्म्याहून जास्त घोळ हे एवढं न पाळल्यामुळे होतात, कारण कूलंटचा सेन्सर काढला की ईसीयूला इंजिन किती गरम आहे तेच कळत नाही आणि मग डिझेल किती सोडायचं, ग्लो प्लग किती वेळ तापवायचे, फॅन कधी लावायचा, सगळंच बिनसतं.

कागदपत्रांचं एकदाच सांगतो आणि पुढे जातो. इंजिन बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतं आणि जानेवारी 2019 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आरटीओ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेरच्या बदलांबाबत जास्तच कडक झालेत. आधी परवानगी, मग आरसीवर नवीन इंजिन नंबर, मग मीटरचे लाड.

आधी टेबलावर तपासा

जुन्या जीपमध्ये साधारण पाच मीटर असतात. ऑइल प्रेशर, टेंपरेचर आणि स्पीडोमीटर हे तीन पूर्ण मेकॅनिकल, अँपिअर मीटर आणि फ्युएल गेज हे दोन विजेचे. गाडीत लावण्याआधी प्रत्येक मीटर बाहेर तपासायचा, विशेषतः चोर बाजारातून किंवा कुर्ल्याच्या भंगारातून उचललेला असेल तर.

ऑइल मीटरच्या आत इंग्रजी सी सारखी वाकलेली पितळी चपटी नळी असते, तिला बोर्डन ट्यूब म्हणतात. तेलाचा दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि छोट्या दातेरी चकतीतून काटा फिरवते. तपासायला पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर पुरतो. नळीला अडॅप्टर लावून 20 पीएसआय हवा द्या, मग 40, मग 60, त्याच्या मीटरशी ताडून बघा. दोन-चार पीएसआयचा फरक सोडून द्या, पण दाब काढल्यावर काटा शून्यावर परत आला पाहिजे आणि मधे कुठे अडकता कामा नये. गॅरेजमध्ये दाब केजीत बोलतात, तर 1 केजी म्हणजे 14.2 पीएसआय आणि 1 बार म्हणजे 14.5.

टेंपरेचर मीटर उकळत्या पाण्यात तपासायचा. त्याचा बल्ब पातेल्यात लोंबकळत ठेवा, बुडाला टेकू देऊ नका. आता इथे एक गंमत आहे, पाणी सगळीकडे 100 अंशांवर उकळत नाही. मुंबईत 100, पुण्यात साधारण 98, महाबळेश्वरला 95-96 च्या आसपास. म्हणजे पुण्यात बसून काटा 212 फॅरनहाइटच्या जरा अलीकडे थांबला तर मीटर खराब म्हणून फेकून देऊ नका, तो बरोबर सांगतोय. काटा अजिबात हललाच नाही तर आतला द्रव उडून गेलाय. या मीटरमध्ये बल्ब, केसासारखी बारीक तांब्याची नळी आणि मीटर हे सगळं एकच सीलबंद प्रकरण असतं आणि जुन्यांमध्ये आत बहुतेक ईथर असतं. ती नळी कापली, पिचली किंवा चिरली की खेळ खलास, पुन्हा भरून देणारे कारागीर फार थोडे आहेत. आणि त्या नळीजवळ ब्लो लँप किंवा गॅसची ज्योत नेऊ नका, ईथर भसकन पेटतं.

आटे ओळखणं, यातच अर्धं काम

जुने मीटर अमेरिकन, त्यांचे आटे एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचे निमुळते पाइपचे आटे. इंजिन जपानी घराण्यातलं असेल तर ऑइल स्विचच्या (तेलाचा दाब पडला की दिवा लावणाऱ्या स्विचच्या) भोकाला बऱ्याचदा 1/8 बीएसपीटी, म्हणजे ब्रिटिश निमुळते आटे, युरोपियन घराण्यातलं असेल तर एम10 बाय 1 (10 एमएम जाड, 1 एमएम अंतराचे आटे) किंवा दुसरं काही मेट्रिक. अंदाजावर जाऊ नका, थ्रेड गेज स्वस्त मिळतो आणि सोबत व्हर्नियर हवाच. 1/8 एनपीटीला इंचात 27 आटे, 1/8 बीएसपीला 28, आणि आट्याचा कोन एकाचा 60 अंश तर दुसऱ्याचा 55. फसवणूक इथेच होते, कारण एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे छान जातो, मग घट्ट होतो, माणसाला वाटतं बसला, अजून जोर लावतो आणि ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचे आटे मारून बसतो. हाताने चार फेरे तरी मोकळे गेले पाहिजेत, नाही गेले तर थांबा.

अडॅप्टर मिळायला मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात भोसरीकडची हायड्रॉलिकची दुकानं. सोबत इंजिनाचा स्विच आणि मीटरची नळी दोन्ही न्या, दुकानदार तिथेच लावून दाखवतो. नाहीच मिळालं तर लेथवाल्याकडून पितळेचं करून घ्या, एका टोकाला मेट्रिक, दुसऱ्याला एनपीटी, हे त्याच्यासाठी रोजचं काम आहे.

सीलिंगचं पण लक्षात ठेवा. टेपर म्हणजे निमुळत्या आट्यांना लिक्विड सीलंट लावा, सरळ आट्यांना कॉपर वॉशर किंवा डाउटी वॉशर (आतून रबर चिकटवलेला धातूचा). टेफ्लॉन टेप मी तेलाच्या कामात टाळतोच, त्याची एक धांदोटी आत गेली आणि टर्बोच्या बारीक भोकात अडकली तर केवढ्याला पडेल याचा विचार करा.

ऑइल प्रेशर

जागा तीन. पहिली आणि माझ्या मते सगळ्यात चांगली, मूळ ऑइल स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावणं, म्हणजे एका तोंडाला इंजिनाचा स्वतःचा स्विच परत आणि दुसऱ्याला मीटरची लाइन. दुसरी, ऑइल फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी सँडविच प्लेट, तिला बाजूला 1/8 ची भोकं तयार असतात. पण ती फक्त स्पिन-ऑन, म्हणजे अख्खा डबा फिरवून बसणारा फिल्टर असेल तरच, कागदी कार्ट्रिजवाल्या हाउसिंगला नाही. शिवाय फिल्टर तेवढा पुढे येतो, तो चॅसिसला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला घासत नाही ना ते बघा, जीपच्या बॉनेटखाली जागा मुळात कमी असते. तिसरी जागा टर्बोला जाणारी तेलाची लाइन, बरेच मेकॅनिक तिथे बँजो (पोकळ बोल्टवर बसणारा कडीसारखा जोड) लावून देतात कारण हात पोचतो. मी नाही म्हणेन. त्या लाइनीत गळती झाली किंवा अडथळा आला तर पहिला बळी टर्बोचा.

आता टीबद्दल. टी, निपल, रिड्युसर, स्विच असं अख्खं झाड ब्लॉकवर थेट लटकवू नका. डिझेलची थरथर एवढी असते की काही महिन्यांत पितळेच्या निपलला मुळाशी चीर जाते आणि मग सगळं तेल रस्त्यावर. ब्लॉकवर फक्त एक अडॅप्टर, त्यातून हायड्रॉलिकवाल्याकडून क्रिंप करून घेतलेला स्टीलच्या जाळीचा छोटा होज, तो होज फायरवॉलवर किंवा बॉडीवर पक्क्या केलेल्या टीपर्यंत, आणि तिथून पुढे मीटरपर्यंत तांब्याची नळी. कारण सोपं आहे, इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि फायरवॉल हलत नाही, तर ती हालचाल होजने खायची, तांब्याने नाही. तांबं सारखं हललं की कडक होतं आणि तुटतं, म्हणून मीटरच्या मागेही एक-दोन मोकळी वेटोळी ठेवायची.

एक वायरवाला स्विच असा बॉडीवर नेला की त्याच्या टीला वेगळी अर्थिंगची वायर द्यायला विसरू नका, तो ब्लॉकमधूनच अर्थ घेत असतो, अर्थ तुटला की तेलाचा दिवा कधी लागणारच नाही आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे.

नायलॉनची नळी किटमध्ये फुकट येते म्हणून लावतात. नव्या इंजिनात टर्बो आणि मॅनिफोल्ड कुठे आहे ते बघा आणि मग ठरवा, वितळलेल्या नळीतून तापलेल्या टर्बोवर तेल उडालं की आग लागते. शिवाय मेकॅनिकल मीटर म्हणजे दाबाखालचं गरम तेल तुमच्या गुडघ्यांजवळ आणलेलं. त्यासाठी ब्लॉकच्या बाजूच्या अडॅप्टरमध्ये साधारण 1 एमएम भोकाचा रेस्ट्रिक्टर, म्हणजे तेलाची वाट अरुंद करणारा तुकडा, ठेवा, लेथवाला निपलमध्येच करून देतो. नळी तुटली तरी तेल चुळचुळत येईल, धारेने नाही, आणि काट्याची थरथर पण कमी होते.

पण रेस्ट्रिक्टरने दाब कमी होतो असा गैरसमज आहे, तो होत नाही. तेल वाहत नसतं तेव्हा दोन्ही बाजूंना दाब सारखाच. म्हणून मीटरची हद्द महत्त्वाची. नव्या इंजिनाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारा) 5-6 बारवर उघडत असेल तर थंडीत सकाळी पहिल्या स्टार्टला 80 पीएसआयच्या आसपास दाब जाऊ शकतो. 60 पर्यंतचाच डायल असेल तर काटा रोज पिनवर आपटणार आणि बोर्डन ट्यूब कायमची ताणली जाणार. अशा वेळी तो मीटर शोभेला ठेवा किंवा आतली यंत्रणा 100 पीएसआयच्या नव्या मीटरची टाकून जुना डायल त्यावर चढवा, फक्त मग आकडे जुळत नाहीत, तर मागच्या बाजूला खुणा करून डायल पुन्हा रंगवावा लागतो.

टेंपरेचर, खरं डोकं इथे लागतं

बल्ब कुठे बुडवायचा हा प्रश्न. नशीब असेल तर हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर एखादा बंद प्लग सापडतो, ती जागा सर्वोत्तम. नवीन इंजिनात सेन्सरची भोकं बारीक असतात आणि जुना बल्ब बोटाएवढा लांब, तो तिथे जातच नाही. भोक मोठं करून नवीन टॅप मारण्याचा मोह होतो, पण ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये मागे किती धातू आहे ते न बघता ड्रिल लावू नका.

मग उरतो होजमधला अडॅप्टर, म्हणजे रेडिएटरचा वरचा होज कापून मध्ये बसवायचा धातूचा तुकडा ज्याला बल्बसाठी आटे पाडलेले असतात. तयार मिळतात, 32 ते 38 एमएमपर्यंत. इथे दोन भानगडी. पहिली, तयार अडॅप्टर छोट्या इलेक्ट्रिक सेंडरसाठी केलेले असतात. आपला बल्ब समजा 50 एमएम लांब आणि अडॅप्टर आतून 32 चा, तर आडवा घातलेला बल्ब समोरच्या भिंतीवर आपटतो आणि नट बसतच नाही. मग लोक काय करतात, खाली उंच बुशिंग लावतात, बल्बचा अर्धा भाग त्या बुशिंगच्या गळ्यात राहतो जिथे पाणी फिरत नाही आणि मीटर दहा-पंधरा अंश कमी दाखवतो. यावरचा उपाय म्हणजे लेथवाल्याकडून वाकवलेल्या पाइपच्या वाकावर बॉस (आतून आटे पाडलेला जाड तुकडा) वेल्ड करून घ्यायचा, म्हणजे बल्ब पाण्याच्या धारेत लांबीच्या दिशेने सरळ झोपतो. पाइपच्या दोन्ही टोकांना होज निसटू नये म्हणून कड उठवून घ्या, गुळगुळीत पाइपवर क्लिप कितीही आवळली तरी दाब आला की होज सरकतो.

दुसरी भानगड जास्त गंभीर. बहुतेक इंजिनांत वरच्या होजमध्ये थर्मोस्टॅट उघडल्यावरच गरम पाणी येतं. म्हणजे सुरुवातीची दहा मिनिटं काटा खाली झोपलेला आणि मग एकदम उडी. ते चालून जाईल, पण समजा होज फुटला आणि पाणी गेलं, तर बल्ब हवेत लटकतो, हेड तापून लाल आणि काटा मात्र खाली येतो. म्हणून जमलं तर हीटरला जाणाऱ्या होजमध्ये बल्ब टाका, तिथे थर्मोस्टॅट बंद असतानाही पाणी फिरत असतं, फक्त हीटरचा कॉक बंद केला तरी प्रवाह थांबत नाही ना ते बघा. आणि कुठेही टाकलात तरी ईसीयूकडून येणारा ओव्हरहीटचा दिवा चालू ठेवाच. अडॅप्टर होजच्या सगळ्यात उंच जागी नको, तिथे हवेचा बुडबुडा बसतो.

नळी ओढताना घाई नको. आधी फायरवॉलच्या भोकातून बल्ब पास होईल एवढं भोक, त्यात चिरलेला रबर ग्रोमेट, मग मीटरकडून इंजिनाकडे हळूहळू सोडत जायचं. वाक इंचाभरापेक्षा बारीक करू नका, उरलेली नळी मुठीएवढ्या गोल वेटोळ्यात गुंडाळून क्लिप करा, एक्झॉस्टपासून लांब. नट घट्ट करताना बल्बला पीळ बसू देऊ नका, फक्त नट फिरला पाहिजे.

स्पीडोमीटर

इथे विलीजवाल्यांचं नशीब चांगलं. स्पीडोमीटरची केबल मूळ डेना 18 ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या आउटपुटमधून निघते, इंजिन किंवा गिअरबॉक्समधून नाही. ट्रान्सफर केस तीच ठेवली असेल तर केबल जशी होती तशी चालते. बदलतात ते टायर आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर, आणि तिथून आकडा चुकतो.

तपासायची पद्धत अशी. मीटरमागून केबल काढा, आतल्या चौकोनी तारेला कागदाचा झेंडा चिकटवा, सपाट जागी गाडी सरळ ढकला आणि फेरे मोजा. अमेरिकन मैलवाल्या मीटरला एका मैलाला 1000 फेरे लागतात, म्हणजे 16.1 मीटरला 10 फेरे. जपानी किलोमीटरवाल्याला किलोमीटरला 637, म्हणजे 15.7 मीटरला 10. दहाच्या जागी नऊ आले तर काटा दहा टक्के कमी दाखवणार, मग केबलच्या पिनियनच्या (छोट्या दातेरी चाकाच्या) जागी एक-दोन दात कमी असलेला पिनियन लावा किंवा मध्ये फेऱ्यांचं प्रमाण बदलणारा रेशो बॉक्स टाका. गाडी जॅकवर चढवून एकच चाक फिरवून हे मोजू नका, डिफरन्शियलमुळे फेरे निम्मे येतात आणि हिशोब बोंबलतो.

ट्रान्सफर केस पण बदलली असेल आणि नव्या गिअरबॉक्सला फक्त इलेक्ट्रॉनिक सेन्सर असेल तर जीपीएसवरून मोटर फिरवून केबल चालवणारे डबे मिळतात, महाग आहेत पण काम चोख. उलट ईसीयूला स्पीडचा सिग्नल हवा असेल तर केबलच्या मध्ये बसणारा पल्स सेंडर लावा, त्यातून केबल पुढे मीटरलाही जाते.

केबलला ग्रीस लावताना मीटरकडची शेवटची वीतभर तार कोरडी ठेवा, नाहीतर ग्रीस चढत चढत मीटरमध्ये जातं आणि काटा नाचायला लागतो.

अँपिअर मीटर आणि फ्युएल

जुना अँपिअर मीटर 30-0-30 चा, त्यातून स्टार्टर सोडून गाडीचा जवळजवळ सगळा करंट जातो. नवीन अल्टरनेटर 90 अँपिअर किंवा जास्त. थेट जोडलात तर डॅशमागे वायर पेटेल, यात दुसरं मत नाही. एकतर डमी ठेवा, नाहीतर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून आत व्होल्टमीटरची यंत्रणा टाकून घ्या. फ्युएल गेज 6 व्होल्टचा असेल तर 12 थेट देऊ नका, लॅमिंग्टन रोडवर 6 व्होल्टचे रेग्युलेटर सहज मिळतात. मीटरमधले छोटे बल्बही तपासा, तेही 6 व्होल्टचे निघतात. आणि हो, ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचा मूळ मीटर कन्सोल लगेच विकू नका, काही गाड्यांत इमोबिलायझरचं (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) किंवा ईसीयूचं काम त्याच्याशी बांधलेलं असतं, तो ग्लोव्ह बॉक्सखाली लपवून जोडलेला ठेवावा लागतो.

पहिला स्टार्ट आणि काटे वाचणं

सुरू करण्याआधी मीटरमागचा तेलाचा नट अर्धा फेरा सैल ठेवा, खाली फडकं धरा, तेल आलं की आवळा. नळीत थोडी हवा राहिली तरी आकडा चुकत नाही. मग इंजिन गरम होऊ द्या आणि प्रत्येक जोडावर कोरडं टिश्यू फिरवून बघा, बारीक पाझर डोळ्याला दिसत नाही पण कागदावर उमटतो.

आता काटे बघून घाबरायचं नाही. जुन्या पेट्रोल इंजिनाची सवय असलेल्याला 180 फॅरनहाइट म्हणजे नॉर्मल वाटतं. नवं डिझेल 88 ते 95 सेल्सिअसवर चालतं, म्हणजे 190 ते 203 फॅरनहाइट, आणि जुन्या डायलवर काटा जवळजवळ शेवटाला टेकतो. जुन्या रेडिएटरच्या झाकणाचा दाब अगदी कमी होता, नव्याचं 1 बारच्या आसपास असतं आणि त्या दाबाखाली पाणी 120 च्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही. म्हणून स्कॅनर लावून ईसीयूचं तापमान बघा, त्याच वेळी काटा कुठे आहे ते बघा आणि काचेवर बारीक रंगाचा ठिपका द्या. तेलाचं तसंच, गरम इंजिनाला आयडलवर 15-20 पीएसआय आणि 2500 आरपीएमला 45 च्या वर असेल तर बहुतेक इंजिनांना ठीक, पण शेवटचा शब्द त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. गरम झाल्यावर आयडलला 10 च्या खाली काटा आला तर आधी दुसऱ्या मीटरने खात्री करा आणि तोवर गाडी बाहेर काढू नका.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर होजच्या क्लिपा, फेरूल (नळीवर नटखाली दाबून बसणारी कडी) आणि टीचे नट पुन्हा एकदा पान्ह्याने बघायचे, तांब्याचे फेरूल गरम-थंड होऊन थोडे बसतात आणि हमखास पाव फेरा घेतात.